ढगातली घुसळण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलं आहे.)



प्रत्येकाने आपल्या आवडीच्या एका विषयावर वीस मिनिटं बोलायचं, असं आयोजकांनी ठरवलं, तेव्हा मला फारसा विचार करावा लागला नाही. विषय तुम्हीच मला दिलेला आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि माझं काम ‘क्लाउड’शी संबंधित आहे. २०२१ च्या पुरानंतर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘अगं क्लाउडवाली, तू सांग, ढग फुटला म्हणजे नेमकं काय झालं?’ सगळ्यांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. मीही टाकली. पण प्रश्न डोक्यात राहिला. माझ्या क्लाउडचा आणि पावसाच्या ढगाचा नावापलीकडे काही संबंध नाही. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. पण इंजिनिअरिंगला द्रवगतिशास्त्र शिकले होते आणि रोज आकडेमोडीच्या प्रोग्रॅममध्येच हात असतो, त्यामुळे वाचायला सुरुवात केली. गेली काही वर्षं हा छंदच लागला आहे.

पूर का आला, या वादात मी जाणार नाही. पाऊस, भरती, नदीतला गाळ, धरणाचं पाणी, नदीकाठची बांधकामं, या सगळ्यावर आपल्या गावात प्रत्येक जण तज्ज्ञ आहे. मी बोलणार आहे ते त्याआधीच्या पायरीबद्दल: ढगात पाणी असतं, मग त्याचा पाऊस कधी होतो आणि कधी होत नाही? समुद्रावरून खालून येणाऱ्या ढगांच्या बाबतीत याचं उत्तर बरंचसं एका गोष्टीत आहे. ती गोष्ट म्हणजे ढगातली हवेची घुसळण.

आधी आपल्या पावसाकडे बघू. चिपळूणच्या माणसाला दोन पाऊस ओळखू येतात. एक वळवाचा. मे महिन्याच्या अखेरीला दुपारी घाटावर काळं होतं, वीज कडाडते, मोठे टपोरे थेंब पत्र्यावर खड्यासारखे वाजतात आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळं शांत. दुसरा पाऊस पुनर्वसू-पुष्यातला. आपण ज्यांना तरणा आणि म्हातारा पाऊस म्हणतो, तो. त्यात गडगडाट क्वचितच. मळभ इतकं खाली येतं की परशुरामचा डोंगर दिसेनासा होतो. थेंब बारीक पण दाट, आणि पागोळ्या चार-चार दिवस तुटत नाहीत. हा दुसरा पाऊस बऱ्याचदा कमी उंचीच्या ढगांतून पडतो. या ढगांचा माथा शून्य अंशाच्या पातळीच्या वर फारसा जात नाही. त्यामुळे त्यांत बर्फ जवळपास नसतो, पाण्याच्याच थेंबांपासून पाऊस तयार होतो. शास्त्रज्ञ याला ‘उष्ण पाऊस’ म्हणतात. अंगावर घेतल्यावर तो गार लागतो हा भाग वेगळा.

महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची, म्हणजे आयआयटीएमची, ढगांच्या अभ्यासाची उंचावरची प्रयोगशाळा आहे. जागा फार हुशारीने निवडलेली आहे. जुलैमध्ये ढग तिथे जमिनीवरच बसलेला असतो. विमान लागत नाही, यंत्र अंगणात ठेवलं की ढगाच्या आतच. तिथल्या मोजमापांतून दिसलं की सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पावसाळी पावसात लहान थेंबांची संख्या फार मोठी असते. आपल्या आज्यांना हे माहीत होतंच. यंत्राने त्याला आकडा दिला.

आता त्या ढगाच्या आत जाऊ. ढगातला थेंब साधारण वीस मायक्रॉन जाडीचा, म्हणजे त्रिज्या दहा मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या केसाच्या जाडीचा चौथा-पाचवा हिस्सा धरा. समुद्रावरच्या स्वच्छ हवेतल्या ढगात एका घन सेंटिमीटरमध्ये असे शंभरेक थेंब असतात. आकडा मोठा वाटतो, पण हिशेब केला तर दोन शेजारी थेंबांमधलं अंतर दोन मिलिमीटर येतं, म्हणजे थेंबाच्या जाडीच्या शंभरपट. तुम्ही अर्धा मीटर रुंद आहात असं धरलं (काही जणांनी आता जास्त धरावं), तर तुमचा शेजारी पन्नास मीटर लांब उभा आहे. मैदानाच्या या टोकाला तुम्ही आणि त्या टोकाला तो.

आणखी एक हिशेब. आपला दहावीचा वर्ग आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच धरा. तो वर्ग असल्या ढगाने गच्च भरला तर त्यात पाणी किती? सत्तर ग्रॅम. एक कटिंग चहा. फळ्यावरची अक्षरं पुसट दिसतील इतकं धुकं होईल, पण पाणी कटिंगभर.

म्हणून आभाळ भरून आलं याचा अर्थ पाऊस पडेलच असा होत नाही. दहा मायक्रॉन त्रिज्येचा थेंब सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर वेगाने खाली येतो. एक किलोमीटर उतरायला त्याला एक दिवस लागेल, आणि ढगाखालच्या हवेत तो वाटेतच वाळून जाईल. जमिनीवर पोचणारा पावसाचा चांगला थेंब एक मिलिमीटर त्रिज्येचा असतो. त्रिज्या शंभरपट, म्हणजे आकारमान दहा लाखपट. एका पावसाच्या थेंबात ढगातले दहा लाख थेंब असतात. पन्नास-पन्नास मीटरवर उभे असलेले हे दहा लाख जण एकत्र येतात कसे, हा खरा प्रश्न आहे.

पहिलं उत्तर सुचतं ते असं की थेंबावर वाफ जमत जाते आणि तो वाढतो. ते खरं आहे, पण थेंब जसा मोठा होतो तशी ही वाढ मंदावते. त्रिज्या दुप्पट व्हायची तर एकूण वेळ चौपट लागतो, दसपट व्हायची तर शंभरपट. समजा दहा मायक्रॉनपर्यंत पोचायला थेंबाला दहा मिनिटं लागली. मग शंभरपट त्रिज्येसाठी दहा हजारपट वेळ, म्हणजे एक लाख मिनिटं. म्हणजे एकोणसत्तर दिवस. सात जूनला मृग लागताना वाढायला सुरुवात केलेला थेंब पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला आपल्या डोक्यावर पडेल. प्रत्यक्षात असा ढग तयार झाल्यापासून तासाभराच्या आत पाऊस देऊ शकतो. म्हणजे वाफ एकटी पुरत नाही.

दुसरं उत्तर: थेंब एकमेकांवर आपटतात आणि एकत्र होतात. मोठा थेंब वेगाने पडतो, वाटेतल्या लहानांना गिळत जातो. हेही खरं आहे, पण त्यासाठी आधी काही थेंब मोठे असावे लागतात. सगळे सारखेच लहान असतील तर सगळे सारख्याच संथ चालीने पडतात, कुणी कुणाला गाठत नाही. त्यातून थेंब फार बारीक असला तर समोरच्या थेंबाभोवतून वळणाऱ्या हवेबरोबर तोही वळसा घालून निघून जातो. म्हणून साधारण पंधरा ते चाळीस मायक्रॉन त्रिज्येच्या दरम्यान एक अवघड खिंड आहे. वाफेने वाढण्याचा काळ संपला आणि टकरीने वाढण्याचा सुरू झाला नाही, अशी जागा. कुंभार्ली घाटात ट्रक अडकावेत तसे थेंब इथे अडकतात. या खिंडीतून काही थेंबांना पुढे काढणाऱ्यांपैकी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे घुसळण.

ताक करताना आपण काय करतो? सायीत लोणी आधीपासूनच असतं, पण सूक्ष्म कणांच्या रूपात विखुरलेलं. रवी फिरवली की ते कण एकमेकांवर आपटतात, चिकटतात आणि लोण्याचा गोळा वर येतो. ढगातही वर जाणाऱ्या हवेमुळे लहानमोठे भोवरे तयार होतात: शेकडो मीटरपासून ते एका मिलिमीटरपर्यंत. मोठा भोवरा मोडून लहान होतो, लहान मोडून आणखी लहान. थेंब हवेपेक्षा जड असल्याने गोफणीतल्या दगडासारखा भोवऱ्याच्या बाहेर फेकला जातो, आणि दोन भोवऱ्यांच्या मधल्या जागेत थेंबांची गर्दी होते. पन्नास मीटरवरचा शेजारी अचानक खांद्याला खांदा लावून येतो. अशा घुसळणीत टकरी किती वाढतात याचं गणित सॅफमन आणि टर्नर या दोघांनी १९५६ मध्ये मांडलं. त्यात पुढे बरीच भर पडली, पण मूळ विचार तोच आहे.

इथवर गोष्ट सरळ आहे: घुसळा आणि पाऊस काढा. पण ढगाची रवी नुसतं ढगातलं ताक घुसळत नाही, बाहेरची कोरडी हवाही आत ओढते. हेन्री स्टॉमेल या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये हे दाखवून दिलं. ढगातलं प्रत्यक्ष पाणी कागदावरच्या गणितापेक्षा कमी भरतं, कारण ढग वर चढताना बाजूची हवा सतत गिळत असतो. समुद्रावरच्या सपाट, कमी उंचीच्या ढगांवर तर उबदार, कोरड्या हवेचं झाकणच असतं. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या पश्चिम भागावर असं झाकण असतं. ढग तिथे बुटकेच राहतात. आपल्या किनाऱ्याकडे येता येता ते झाकण वर जातं आणि विरतं, ढगांना उंच व्हायला वाव मिळतो, आणि मग सह्याद्री त्यांना आणखी वर ढकलतो.

कोरडी हवा ढगात शिरली की काही पाणी वाळणारच. ते कोणाचं वाळणार, हा या विषयातला सगळ्यात सुंदर प्रश्न आहे. तो मी आपल्या या मेळाव्याच्या भाषेत सांगते. समजा जेवणाच्या खर्चात दहा हजार रुपये कमी पडले आणि आपण शंभर जण आहोत. ते भरून काढायचे दोन मार्ग. एक, प्रत्येकाने शंभर रुपये द्यायचे: सगळ्यांचे खिसे थोडे हलके होतात, पण रिकामा कुणाचाच होत नाही. दुसरा, दाराशी जे पाच जण आधी सापडले त्यांच्याकडूनच सगळे दहा हजार काढायचे: त्या पाच जणांचे खिसे साफ, उरलेल्या पंचाण्णवांना पत्ताही नाही. दोन्हींत जमा तेवढीच. ढगातही असंच. कोरडी हवा आधी पूर्ण मिसळली आणि मग बाष्पीभवन झालं तर सगळे थेंब थोडे थोडे आक्रसतात, संख्या तीच राहते. आणि मिसळण्याला वेळ लागला, बाष्पीभवन आधी उरकलं, तर कोरड्या हवेच्या कडेला असलेले थेंब संपूर्ण नाहीसे होतात आणि बाकीचे जसेच्या तसे राहतात. पहिल्याला एकसमान मिश्रण म्हणतात, दुसऱ्याला असमान मिश्रण. कोणता प्रकार होईल हे दोन वेळांच्या शर्यतीवर ठरतं: भोवऱ्याला मिसळायला लागणारा वेळ आणि थेंबाला वाळायला लागणारा वेळ.

याचं महत्त्व पुढच्या पायरीत कळतं. दुसऱ्या प्रकारात थेंब कमी झाले, पण उरलेले मोठेच आहेत. तीच हवा पुन्हा वर गेली की नव्याने मिळणारी वाफ आता कमी थेंबांत वाटली जाते. पंगतीत पानं कमी झाली की प्रत्येकाला जास्त वाढलं जातं, तसं. काही थेंब इतरांपेक्षा मोठे होतात आणि ती अवघड खिंड ओलांडतात. म्हणजे कोरडी हवा, जी पावसाची वैरीण वाटते, तीच काही वेळा पावसाची सुरुवात करून देऊ शकते! लेथम आणि रीड यांनी १९७७ मध्ये प्रयोगशाळेतल्या प्रयोगांतून असमान मिश्रणाचे पुरावे मांडले, आणि त्यानंतर १९८० मध्ये बेकर, कॉर्बिन आणि लेथम यांनी मोठे थेंब तयार होण्याशी त्याचा संबंध जोडला. पहिल्या प्रकारात मात्र उलटं होतं. सगळेच थेंब बारीक होतात आणि ढग आभाळ भरून उभा असूनही कोरडाच राहतो.

हे सगळं मोजायचं कसं? भोवरा मिलिमीटरचा आणि विमान सेकंदाला शंभर मीटर जाणारं. अलीकडे विमानाच्या पंखाखाली लेझरचं यंत्र लावून ढगाच्या लहानशा तुकड्याचं होलोग्राम घेता येतं. त्यात प्रत्येक थेंब कुठे आहे आणि केवढा आहे हे कळतं. अशा चित्रांवरून २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं की सेंटिमीटरच्या पातळीवरसुद्धा ढगाच्या कडेला थेंबांनी भरलेल्या हवेच्या आणि रिकाम्या हवेच्या धारा शेजारी शेजारी असतात. तिथे असमान मिश्रणाचीच खूण ठळक दिसली. आपल्या देशात बंगळुरूला प्रा. रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या टाकीत ढगाची नक्कल केली. ढगात वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. तिच्याऐवजी त्यांनी टाकीतल्या प्रवाहाला विजेने उष्णता दिली, आणि त्याने आजूबाजूचं पाणी आत ओढण्याचं प्रमाण कसं बदलतं हे दाखवलं. मला हा प्रयोग फार आवडतो. आभाळाएवढा प्रश्न एका टाकीत आणून बसवला.

आणि आपला महाराष्ट्र या विषयात मागे नाही. आयआयटीएम १९६२ पासून पुण्यात आहे. या संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे बारामतीच्या परिसरात विमानातून ढगांमध्ये मिठाची बारीक पूड फवारली. मीठ का, हे आता तुम्हीच सांगाल: मिठाचा मोठा कण म्हणजे खिंडीपलीकडे नेऊन सोडलेला थेंब. २००९ पासून ‘कायपीक्स’ नावाच्या मोहिमेत त्यांची विमानं देशभरच्या पावसाळी ढगांतून गेली, आणि गाभ्यापासून कडेपर्यंत थेंब मोजले. ढगात धुळीचे-धुराचे कण जास्त असले तर तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात आणि पाऊस सुरू व्हायला ढग अधिक उंच व्हावा लागतो, हे त्या मोजमापांत स्पष्ट दिसलं. कोरडी हवा मिसळल्याने थेंबांचं काय होतं, यावरही याच मोहिमेच्या नोंदींतून शोधनिबंध निघाले आहेत. २०१८ आणि २०१९ मध्ये याच मोहिमेचा पुढचा टप्पा सोलापूरला झाला, तिथल्या ढगांत कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले, आणि पाऊस सुमारे १८ टक्के वाढल्याचा निष्कर्ष काढला गेला. आपल्याला कृत्रिम पावसाची गरज नाही, आपलं दुखणं उलटं आहे. पण ढग कधी पाझरतो हा प्रश्न सोलापूरला आणि चिपळूणला एकच आहे.

आता माझ्या धंद्याकडे येते. अंदाज देणारा संगणक हे सगळं कसं करतो? खरं उत्तर असं की तो हे करतच नाही, करू शकत नाही. एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच हवेचा ठोकळा घ्या आणि त्यातला मिलिमीटरपर्यंतचा प्रत्येक भोवरा मोजायचा ठरवा. एकावर अठरा शून्यं इतके चौकोन होतात, तेही एका क्षणासाठी, एका लहान ढगासाठी. म्हणून अंदाजाचा प्रोग्रॅम पृथ्वीवर मोठ्या चौकोनांचं जाळं टाकतो. आयआयटीएममध्ये विकसित झालेली आणि मे २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सहा किलोमीटरच्या जाळ्यावर चालते. आधीचं जाळं बारा किलोमीटरचं होतं, त्यामुळे ही मोठी झेप आहे. तरी सहा किलोमीटरच्या चौकोनात पावसाचा आकडा एकच. चिपळूण ते पोफळी हे वीसेक किलोमीटरचं अंतर अशा तीन-चार चौकोनांत संपतं, आणि या अंतरात जमीन नदीकाठापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत जाते.

चौकोनाच्या आतलं जे दिसत नाही, ते सूत्राने भरून काढतात. १९६९ मध्ये केसलर यांनी दिलेलं सूत्र अगदी सोपं होतं: ढगातलं पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की वरचा भाग ठरावीक दराने पावसात टाकायचा. आमच्या भाषेत एका ‘इफ’ची गोष्ट. त्यात थेंब किती आहेत, याला जागाच नाही. २००० मध्ये दोन शास्त्रज्ञांनी समुद्रावरच्या कमी उंचीच्या ढगांची संगणकावर सविस्तर नक्कल करून नवं सूत्र काढलं. त्यात पाण्याबरोबर थेंबांची संख्याही आली, आणि ते आज जगभर वापरात आहे. पण मिश्रण एकसमान की असमान, पाच जणांचे खिसे कापायचे की शंभरांकडून वर्गणी घ्यायची, हे बहुतेक प्रोग्रॅममध्ये कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा तो आळस नसतो. मिलिमीटर आणि किलोमीटर यांच्यामधलं अंतर कुठल्याही यंत्राला अजून ओलांडता आलेलं नाही. त्या अंतरावर घातलेला पूल म्हणजे सूत्र, आणि त्या पुलाचे खांब म्हणजे जमिनीवर आणि ढगात घेतलेली मोजमापं.

हे मी तुम्हाला का सांगते आहे? २२ जुलै २०२१ च्या पहाटे बाजारपेठेत पाणी चढत होतं. माझे आईवडील वरच्या मजल्यावर होते आणि मी पुण्यात बंद पडलेल्या फोनवर नंबर फिरवत होते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची त्या दिवसाची गोष्ट याहून कठीण आहे. कुणाचं दुकान गेलं, कुणाचा गोठा. आपल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ नंतर पुन्हा एकदा पाणी शिरलं. त्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. म्हणजे तिथल्या प्रत्येक चौरस मीटरवर दोनशे लिटरची जवळजवळ तीन पिंपं ओतली गेली. हा आकडा आपल्याला कळतो, कारण महाबळेश्वरला पाऊस मोजणारं कुणीतरी बसलेलं होतं. खेर्डीत किती पडला? शिरगावात, अलोऱ्यात, गोवळकोटला? त्या रात्री कुठल्या तासाला जोर सर्वांत जास्त होता? आपल्याकडे त्याच्या आठवणी आहेत. आठवणीवरून सूत्र तपासता येत नाही.

इशारा ऐकून आपण दोन टोकांची माणसं होतो. एक म्हणतो, ‘हे वेधशाळेवाले रोजच रेड अलर्ट देतात.’ दुसरा म्हणतो, ‘एवढे सुपरकॉम्प्युटर आहेत, मग नेमका आकडा का नाही सांगत?’ दोघांनाही मी आता हेच सांगते की अंदाजात अनिश्चितता असते ती लपवाछपवी म्हणून नव्हे. ढगाच्या कडेला एक मिलिमीटरच्या भोवऱ्यात काय होतं यावर पावसाचा काही हिस्सा ठरतो, आणि तो भोवरा कुणालाच आधी दिसत नाही. म्हणून ‘अतिवृष्टीची शक्यता’ या शब्दांतली शक्यता गांभीर्याने घ्यायची. दुकानातला माल वरच्या फळीवर चढवायचा, गाडी उंचावर नेऊन लावायची, आजीची औषधं आणि कागदपत्रं पिशवीत भरून ठेवायची. पाऊस आला नाही तर एक संध्याकाळ वाया गेली, एवढंच.

आणि एक प्रस्ताव मांडून मी खाली बसते. या मेळाव्याच्या निधीतून काही रक्कम शिल्लक राहील असं खजिनदार म्हणाले. (यंदा वर्गणी सगळ्यांनी थोडी थोडी दिली आहे, मिश्रण एकसमान झालं!) त्यातून शाळेच्या आवारात एक चांगलं पर्जन्यमापक बसवावं. झाडापासून आणि इमारतीपासून लांब, उघड्या जागेत. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठला होते, त्याच वेळेला आठवी-नववीच्या मुलांनी पाळीपाळीने ते वाचावं, वहीत लिहावं आणि फळ्यावर मांडावं. आपल्यापैकी जे खेर्डी, अलोरे, शिरगाव, पोफळी, सावर्डे इथे राहतात, त्यांनी आपापल्या अंगणात एक एक साधं मापक ठेवावं आणि तोच आकडा त्याच वेळी कळवावा. मुसळधार पावसात दर तासाला. सगळ्या नोंदी एकत्र ठेवण्याचा प्रोग्रॅम मी लिहून देते, फुकट, आणि बिघडला तर दुरुस्तही करते. याने पूर थांबणार नाही. पण पाच-दहा पावसाळ्यांची नीट ठेवलेली वही कुणाही अभ्यासकाला देता येईल. घाटाखाली एका रात्रीत जोर कसा सरकतो हे त्यात दिसेल. आपल्या खोऱ्यातला प्रत्येक चौकोन मग थोडा कमी आंधळा होईल.

सर, बाई, तुम्ही आम्हाला मोजायला शिकवलंत: अंशांकन केलेलं चंचुपात्र डोळ्यांच्या पातळीला धरायचं, पाण्याचा खालचा वक्र वाचायचा, आणि आकड्यापुढे एकक लिहायचं, नाहीतर गुण कापले जायचे. पर्जन्यमापकाला याहून जास्त काही लागत नाही. यंदाच्या मृगाच्या आत ते बसवावं, एवढीच विनंती. ज्यांना अंगणात मापक ठेवायचं आहे त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नाव द्यावं, वही मी बरोबर आणली आहे.